चुंबकीय अनुस्पंदन चित्रांतील असमान उजळपणा : त्याच्या दुरुस्तीचा इतिहास व चंद्रपूर-गडचिरोलीचा संदर्भ

१

चंद्रपूर कॅन्सर केअर फाउंडेशनच्या रुग्णालयात, बंगळूरच्या व्होक्सेलग्रिड्स या संस्थेने घडविलेले १.५ टेस्ला क्षमतेचे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण यंत्र बसविण्यात आल्याचे वृत्त २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीय बनावटीचे पहिले यंत्र म्हणून त्याची वाखाणणी झाली, आणि ती योग्यच होती. परंतु वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटलेली एक बाब अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ‘एमआरआय’ या आद्याक्षरांनी सर्वांच्या परिचयाचे झालेले हे यंत्र परदेशातून तयार होऊन येते, तेव्हा त्याच्या गुणांबरोबर त्याच्या दोषांवरचे उपायही येतात. कोणत्या भागात चित्र उजळ पडते, कोठे मंद पडते, आणि ते सारखे करण्यासाठी कोणते गणित योजावयाचे, हे निर्मात्याने आधीच ठरवून यंत्राच्या पोटात घातलेले असते. वापरणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. यंत्र देशातच घडू लागले म्हणजे हा हिशेबही देशातल्या अभ्यासकांनाच मांडावा लागतो. त्यासाठी इतरांनी तो कसा मांडला, कोठे ते अडले आणि कोणती गृहीते त्यांनी नकळत स्वीकारली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहावे. मेंदूतील श्वेतद्रव्य कपाळाच्या बाजूचे असो वा मानेच्या बाजूचे, ते श्वेतद्रव्यच. चित्रात त्याचा उजळपणा दोन्हीकडे जवळजवळ सारखा यावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. चित्राच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जाताना उजळपणा हळूहळू, कोठेही ठळक सीमा न दाखविता बदलत जातो; एकाच खिडकीतून येणाऱ्या तिन्हीसांजेच्या उजेडात पांढरी भिंत दिसावी तसा. या मंद बदलाला इंग्रजी लेखनात ‘बायस फील्ड’ म्हणतात. येथे ‘छायाक्षेत्र’ हा शब्द योजिला आहे. १.५ टेस्लाच्या यंत्रांवर घेतलेल्या मस्तकाच्या चित्रांत हा फरक शेकडा १० ते २० इतका असू शकतो.

छायाक्षेत्र खऱ्या चित्रात मिळविले जात नाही, ते त्याला गुणते. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील इतिहासातील अर्ध्याअधिक युक्त्यांचे मर्म उलगडते. खरा उजळपणा आणि छायाक्षेत्र यांचा गुणाकार, व त्यावर थोडा गोंगाट, एवढेच यंत्राकडून हाती येते. गुणाकार दिलेला आहे, दोन्ही गुणक अज्ञात आहेत. अशा प्रश्नाला केवळ गणिताच्या बळावर एकच एक उत्तर असू शकत नाही. बाहेरून काही तरी गृहीत धरावेच लागते. ते गृहीत यंत्राविषयी असावे की मेंदूविषयी, या प्रश्नाभोवतीच हा सारा इतिहास फिरतो.

२

चुंबकीय क्षेत्राच्या समतेचा ध्यास या शास्त्राला जन्मापासून होता. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी इथिल अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत वेगळे करून दाखविले. क्षेत्र पुरेसे समान असल्यावाचून ते तीन संकेत एकमेकांत मिसळूनच गेले असते. यांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व भारतात या विद्याशाखेचा पाया त्यांनी घातला. त्या पिढीच्या दृष्टीने असमान क्षेत्र म्हणजे निव्वळ दोष होता.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी हा दृष्टिकोनच उलटविला. त्यांनी क्षेत्र मुद्दाम असमान केले. मात्र ती असमानता मोजूनमापून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ रेषेत वाढणारी ठेवली. त्यामुळे कोणता संकेत कोठून आला हे सांगता येऊ लागले आणि पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे चित्र उमटले. २००३ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना पीटर मॅन्सफील्ड यांच्याबरोबर मिळाले ते याच दिशेच्या कार्याबद्दल. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाचा जन्मच असा क्षेत्राच्या असमानतेतून झाला आहे. येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. लॉटरबर यांची असमानता मुख्य, स्थिर चुंबकीय क्षेत्रातील होती. ती स्थान सांगते. छायाक्षेत्र उत्पन्न होते ते मुख्यतः रेडिओ लहरी पाठविणाऱ्या व परत येणारा क्षीण संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यांमुळे. ती असमानता कोणी मुद्दाम आणलेली नाही आणि ती उजळपणाच बिघडविते.

वेटोळे संकेत कसे टिपते याचा पाया १९७६ साली हाउल्ट व रिचर्ड्स यांनी घातला. वेटोळ्यातून एकक विद्युत्प्रवाह सोडला असता एखाद्या बिंदूपाशी जेवढे क्षेत्र निर्माण होईल, तेवढ्याच प्रमाणात त्या बिंदूचा संकेत ते वेटोळे ग्रहण करते. हे तत्त्व हाती आले की हिशेब शाळकरी होतो. साध्या वर्तुळाकार वेटोळ्याच्या अक्षावर, त्याच्या त्रिज्येइतक्या खोलीवर ग्रहणशक्ती पृष्ठभागाच्या शेकडा ३५ उरते. दुप्पट खोलीवर ती शेकडा ९ वर येते. पाठीच्या कण्यावर वा डोळ्यावर ठेवावयाच्या सपाट वेटोळ्यांनी घेतलेल्या चित्रांत त्वचेलगतचा भाग पांढराफटक आणि आतला भाग काळोखात, असे जे दिसे त्याचे कारण हेच.

३

आणि म्हणूनच दुरुस्तीचा पहिला प्रयत्न मेंदूसाठी झाला नाही, तो या सपाट वेटोळ्यांसाठी झाला. मस्तकाभोवती पिंजऱ्यासारख्या बसणाऱ्या वेटोळ्यांत छाया होतीच, पण ती कोणाला खुपत नव्हती. याचे कारण यंत्रात नसून माणसाच्या डोळ्यात आहे. एडविन लँड व जॉन मॅकॅन यांनी १९७१ साली मांडलेल्या रेटिनेक्स सिद्धान्ताचे सार हेच, की डोळा उजेडातील सावकाश होणारे बदल सोडून देतो आणि एकदम होणारे बदल तेवढे धरून ठेवतो. चित्र वाचणारा अनुभवी वैद्य शेकडा २० चा मंद उतार नकळत वजा करतो. संगणकाला ते साधत नाही. त्याच्यापुढे प्रत्येक बिंदू म्हणजे एक आकडा. तेव्हा छायाक्षेत्राचा ‘प्रश्न’ उभा राहिला तो चित्र दिसू लागले त्या दिवशी नव्हे, तर चित्रातील बिंदू मोजण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले त्या दिवशी. एखाद्या दोषाचा इतिहास आणि त्या दोषाच्या जाणिवेचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास होत. विज्ञानेतिहासाच्या लेखनात यांची गल्लत वारंवार होते.

१९८६ मध्ये हॅझेलग्रोव्ह व प्रॅमर यांनी सपाट वेटोळ्याच्या चित्रांसाठी एक सुटसुटीत युक्ती सुचविली. मूळ चित्र इतके पुसट करावयाचे की त्यातील अवयव ओळखू येऊ नयेत, आणि मग मूळ चित्राला त्या पुसट चित्राने भागावयाचे. १९८७ साली ॲक्सेल, कॉस्टँटिनी व लिस्टेरुड यांनी याच मार्गाचा पाठपुरावा केला. गुणाकारात मिसळलेले दोन संकेत लॉगरिथम घेऊन बेरजेत आणावेत आणि मग मंद व जलद भाग वेगळे करावेत, ही कल्पना संकेतशास्त्रात ओपनहाइम, शेफर व स्टॉकहॅम यांनी १९६८ सालीच मांडली होती. वैद्यकीय चित्रांत तिचा प्रवेश असा झाला. युक्ती नामी होती, परंतु पुसट केलेल्या चित्रात केवळ वेटोळ्याची छाया नसते. मोठ्या अवयवांचे स्वतःचे उजळ-मंदपणही त्यात उतरते, आणि भागाकारात तेही वाहून जाते.

याच सुमारास दुसरा, अधिक सरळ वाटणारा मार्गही चालू होता. एकाच द्रवाने भरलेले भांडे, ज्याला या क्षेत्रात ‘फँटम’ म्हणतात, ते यंत्रात ठेवून चित्र घ्यावे. आत सर्वत्र एकच पदार्थ असल्याने जी असमानता दिसेल ती सर्व यंत्राची. ती टिपून ठेवावी आणि पुढे प्रत्येक रुग्णाच्या चित्राला तिने भागावे. ग्लासगो येथील काँडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असमानतेचे प्रमाण व तिच्या दुरुस्तीचे मार्ग यांवर निबंध लिहिला, त्यात या विचाराची मांडणी आढळते. येथे गृहीत मेंदूविषयी काहीच नाही. साक्षीला बोलावले आहे ते यंत्राला.

हा मार्ग मागे का पडला? कारण मस्तक म्हणजे पाण्याची बाटली नव्हे. १.५ टेस्ला क्षेत्रात रेडिओ लहरींची कंप्रता सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ असते. हवेत तिची तरंगलांबी पावणेपाच मीटरच्या आसपास भरते, पण पाण्याने भरलेल्या ऊतकात ती सुमारे अर्ध्या मीटरवर येते. आणि ३ टेस्लाला त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे जवळजवळ मस्तकाच्याच मापाची होते. अशा स्थितीत मस्तक स्वतःच लहरींना वळविते व अडविते. सिमन्स, टॉफ्ट्स, बार्कर व ॲरिज यांनी १९९४ मध्ये १.५ टेस्लावरील असमानतेची कारणे एकेक करून तपासली. १९९८ साली स्लेड व पाइक यांनी तर विद्युत्‌गतिकीच्या आधारे दाखवून दिले, की मस्तकाच्या आडव्या छेदाचा लंबवर्तुळाकार हेच छायेच्या विशिष्ट रूपाचे एक कारण आहे. म्हणजे रुग्ण बदलला की छायाही बदलली. बाटलीवर मोजलेली छाया दुसऱ्याच कोणाची तरी छाया ठरते.

यंत्राची साक्ष अशी अपुरी पडली, आणि साक्षीसाठी संशोधक पुन्हा चित्राकडेच वळले.

४

१९९३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डावाँ, झाय्डेनबोस व मार्गोलिन यांनी श्वेतद्रव्याचे काही बिंदू निवडून त्यांच्या उजळपणावरून एक गुळगुळीत पृष्ठ बसविले. श्वेतद्रव्य सर्वत्र सारखे हे त्यांचे गृहीत; तेव्हा त्या बिंदूंत दिसणारा फरक तो छायेचा. अडचण एवढीच, की श्वेतद्रव्य कोणते हे आधी कोणी तरी सांगावयास हवे.

ती अडचण १९९६ मध्ये वेल्स, ग्रिमसन, किकिनिस व योलेस यांनी धीटपणे अंगावर घेतली. ऊतक ओळखावयाचे तर छाया काढून टाकली पाहिजे, आणि छाया काढावयाची तर ऊतक ओळखले पाहिजे. हे चक्र तोडण्याऐवजी त्यांनी ते फिरविले. प्रथम ऊतकांचा ढोबळ अंदाज करावा, त्यावरून छायेचा अंदाज करावा, छाया काढून पुन्हा ऊतकांचा अंदाज सुधारावा, आणि दोन्ही स्थिर होईपर्यंत ही आवर्तने चालू ठेवावीत. संख्याशास्त्रात ही रीत परिचित होती. या प्रश्नासाठी ती नवी होती. परंतु प्रत्येक ऊतकाचा उजळपणा कसा विखुरलेला असतो हे वेल्स यांच्या पद्धतीला आधी शिकवावे लागे. शिकविलेल्या वर्गांत न बसणारे काही समोर आले म्हणजे ती भांबावत असे. १९९७ मध्ये गिमो व ब्रेडी यांनी ‘इतर’ नावाचा एक वर्ग जोडून ही उणीव भरून काढली. हा बदल तांत्रिक वाटेल. वस्तुतः तो मार्मिक आहे. जे ठाऊक नाही त्याच्यासाठी गणितात राखून ठेवलेली ती जागा होती, आणि रोग नेमका त्याच जागेत येऊन बसतो.

यानंतर १९९८ साली माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधील स्लेड, झाय्डेनबोस व इव्हान्स यांची ‘एन ३’ या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत आली. तिचे यश एवढे मोठे आहे की तिच्यापाशी थोडे थांबावयास हवे. तीत ऊतकांचे वर्ग नाहीत, मेंदूचा नकाशा नाही, आधी शिकविण्याचे काम नाही. विचार असा : समजा, श्वेतद्रव्याचा खरा उजळपणा १०० आणि करड्या द्रव्याचा ८० आहे. चित्रातील सर्व बिंदूंचा आयतालेख काढला तर या दोन ठिकाणी दोन उंच शिखरे दिसली पाहिजेत. आता छायेने शेकडा २० इतकी वरखाली ओढ दिली, की श्वेतद्रव्य ८० ते १२० मध्ये आणि करडे द्रव्य ६४ ते ९६ मध्ये पसरते. शिखरे ढासळतात आणि ८० ते ९६ या पट्ट्यात दोन्ही द्रव्ये एकमेकांत मिसळतात. छाया म्हणजे आयतालेखाला आलेला पुसटपणा होय. मग हा प्रश्न उलटा सोडवावा : लॉगरिथमी आयतालेखावर पडलेला पुसटपणा घंटेच्या आकाराचा आहे असे मानून तो थोडा थोडा उतरवावा, शिखरे थोडी धारदार झाली की त्यांवरून छायेचा अंदाज करावा, तो अंदाज चित्रात गुळगुळीत करून घ्यावा, आणि बदल थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे. आयतालेख जितका तीक्ष्ण होईल तितका होऊ द्यावा. छायाक्षेत्र मात्र मंदच राहिले पाहिजे.

या शेवटल्या अटीवरच सारी भिस्त आहे. ती काढून टाकली तर सर्वांत तीक्ष्ण आयतालेख कोणता? ज्यात सर्व बिंदू एकाच उजळपणाचे आहेत तो. म्हणजे मेंदू पूर्णपणे पुसला गेला आहे तो. छायाक्षेत्र किती मंद असावे हे ठरविणारा आकडा म्हणजे पृष्ठ बसविताना घेतलेल्या गाठींमधील अंतर. एन ३ मध्ये ते सहसा २०० मिलिमीटर घेतले जाई. मेंदूची समोरून मागची लांबी यापेक्षाही कमी असते. याचा अर्थ असा, की एखाद-दुसऱ्या वळणापेक्षा अधिक वळणे छायेला घेऊ द्यावयाची नाहीत, असा माँट्रियलच्या गटाचा आग्रह होता. मेंदूविषयी काहीच गृहीत धरले नाही असे एन ३ बद्दल म्हटले जाते, ते पूर्णतः खरे नाही. मेंदूत स्वतःचा असा मंद बदल नसतो, जे मंद ते यंत्राचे, हे गृहीत तीत ठाण मांडून बसलेलेच आहे. फक्त ते मेंदूच्या भाषेत न लिहिता गुळगुळीतपणाच्या भाषेत लिहिलेले आहे, एवढेच.

अशा पद्धतींची परीक्षा कशी घ्यावयाची? जिवंत मेंदूत खरा उजळपणा कोणालाच ठाऊक नसतो. यावर माँट्रियलच्याच गटाने ‘ब्रेनवेब’ हा संगणकी मेंदू तयार केला. त्यात ऊतके ठाऊक होती, आणि शेकडा २० वा ४० इतकी छाया हवी तशी घालता येत असे. पुढील अनेक वर्षे जगातील बहुतेक नव्या पद्धती या मेंदूवर घासून पाहिल्या गेल्या. हा मूळ मेंदू एकाच निरोगी व्यक्तीच्या २७ चित्रणांच्या सरासरीवरून घडविलेला होता. २००६ साली आणखी २० व्यक्तींचे नमुने त्यात जोडले गेले. परंतु पाया घातला गेला तो एकाच मस्तकावर. हा आक्षेप नव्हे. प्रारंभी दुसरे काही शक्यही नव्हते. तथापि एखाद्या मापाची मूळ पट्टी कोठे ठेवली आहे हे इतिहासकाराने सांगितलेच पाहिजे.

५

पुढील टप्पे थोडक्यात उरकता येतील. ल्यूव्हेन येथील व्हान लेम्पुट व सहकारी यांनी १९९९ मध्ये, आणि लंडनच्या ॲशबर्नर व फ्रिस्टन यांनी २००५ मध्ये वेल्स यांच्या आवर्तनांना मेंदूच्या सर्वसाधारण नकाशाची जोड दिली. २००१ साली अर्नोल्ड व सहकाऱ्यांनी सहा पद्धतींची तुलना केली. तीत कोणतीच एक पद्धत सर्व बाबतींत वरचढ ठरली नाही. २०१० साली टस्टिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एन ३ चे पृष्ठ बसविण्याचे गणित सुधारून ‘एन ४’ प्रसिद्ध केली व तिचा संगणकी मजकूर सर्वांना खुला ठेवला. आज कोठल्याही विद्यापीठातील विद्यार्थी ती विनामूल्य वापरू शकतो, आणि बहुधा तीत आधी भरलेले आकडे न बदलता वापरतो.

ते आकडे निर्धोक नाहीत, हे दरम्यानच्या काळात उघड झाले होते. यंत्रे ३ टेस्लाची झाली होती. रोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेल्या कल्पनेनुसार एका मोठ्या वेटोळ्याऐवजी अनेक लहान वेटोळी मस्तकाभोवती लावली जाऊ लागली होती. प्रत्येक वेटोळ्याजवळ उजेडाचा एकेक ठिपका पडू लागला आणि छाया पूर्वीइतकी मंद उरली नाही. बॉइज व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा यंत्रांवरील चित्रे तपासून दाखविले, की २०० मिलिमीटरचे अंतर येथे फार मोठे पडते, ते बरेच कमी केले पाहिजे. यंत्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पण गाठी जवळ आल्या की छायाक्षेत्राला मेंदूच्या आकाराची वळणे घेण्याची मुभा मिळते, हेही तितकेच खरे. यंत्र जसजसे बलवान झाले तसतसे मंद छाया आणि मंद रोग यांमधील अंतर घटत गेले.

यंत्राची साक्ष या काळात पूर्णपणे टाकून दिली गेली होती, असेही नाही. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या अल्झायमर रोगाच्या बहुकेंद्री चित्रण प्रकल्पात एक मधला मार्ग स्वीकारला गेला. रुग्ण यंत्रात असतानाच मस्तकाच्या वेटोळ्याने एक आणि यंत्राच्या अंगच्या मोठ्या वेटोळ्याने एक, अशी दोन ढोबळ चित्रे घ्यावयाची. दोहोंत मेंदू तोच असल्याने त्यांच्या भागाकारात मेंदू नाहीसा होतो, आणि उरतो तो केवळ वेटोळ्यांच्या ग्रहणशक्तीतील फरक. येथे रुग्णाचे स्वतःचे मस्तकच फँटमचे काम करते. ही दुरुस्ती झाल्यावर उरलेल्या छायेसाठी एन ३ योजिली गेली. काँडन यांच्या पिढीचा मार्ग आणि स्लेड यांच्या पिढीचा मार्ग येथे एकत्र आलेले दिसतात. दुर्दैवाने पाठ्यपुस्तकांतून एन ३ व एन ४ यांची नावे राहिली आणि या मापनाचा उल्लेख तळटीपांत गेला.

६

आता चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांकडे वळावे. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ खेड्यांतील १५९९ मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २२९ मृत्यू, म्हणजे शेकडा १४.३, पक्षाघाताने झालेले आढळले. मृत्यूचे ते सर्वांत मोठे एकटे कारण ठरले. हे निदान घरच्या माणसांना लक्षणे विचारून केलेले होते, आणि बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. त्या मेंदूंची चित्रे कोठेही नाहीत. तेव्हा या भागातील मेंदूत वयपरत्वे, रक्तदाबामुळे वा पोषणामुळे काय बदल होतात, याची चित्रमय माहिती यापुढेच गोळा व्हावयाची आहे.

दीर्घकाळच्या रक्तदाबाने मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडल्या म्हणजे श्वेतद्रव्यात पोकळ्यांभोवती बदल पसरतात. आरंभी ते ठिपक्यांसारखे असतात, पुढे एकमेकांत मिसळून कित्येक सेंटिमीटर व्यापतात, आणि त्यांच्या कडा अस्पष्ट असतात. गणिताच्या दृष्टीने मंद आणि सीमा नसलेला बदल म्हणजे छाया. गाठींमधील अंतर ३ टेस्लासाठी कमी केले आणि तोच आकडा १.५ टेस्लाच्या चित्रांनाही लावला, तर अशा रोगाचा काही भाग यंत्राच्या खात्यावर जमा होऊन चित्रातून वजा होईल. चंद्रपूरचे रुग्णालय कर्करोगाचे आहे. तेथे मेंदूतील गाठीभोवतालच्या सुजेच्या बाबतीत हाच धोका उभा राहतो, कारण सूजही दूरवर, हळूहळू विरत पसरते. लहान बालकांच्या मेंदूचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मज्जातंतूंवरील आवरण मेंदूच्या मागील भागात आधी चढते आणि पुढील भागात नंतर. त्यामुळे काही महिन्यांच्या निरोगी बालकाच्या चित्रात मागून पुढे जाणारा एक खराखुरा मंद उतार असतो. तो छाया समजून काढून टाकणे म्हणजे वाढीची खूणच पुसणे होय.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती या जिल्ह्यांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. मध्य भारतातील सिकल सेल विकाराची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. गडचिरोलीतील माडिया, परधान आदी जमातींत या विकाराचे प्रमाण मोठे असल्याचे पुढील अभ्यासांतून दिसून आले. सिकल सेलच्या मुलांमध्ये कोणतेही बाह्य लक्षण न दाखविता मेंदूत लहान लहान मृत भाग तयार होतात. ते केवळ चुंबकीय अनुस्पंदन चित्रातच दिसतात, आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चिकित्साप्रयोगात त्यांची किमान मर्यादा ३ मिलिमीटर धरली होती. ३ मिलिमीटरचा ठिपका कोणत्याही गुळगुळीत पृष्ठात शिरू शकत नाही. दुरुस्तीपासून त्याला भय नाही. त्याला भय आहे ते दुरुस्ती न करण्यापासून. संगणकाला एकच उंबरठा देऊन ठिपके मोजावयास सांगितले, तर चित्राच्या उजळ बाजूस निरोगी ऊतकच ठिपके म्हणून मोजले जाईल आणि मंद बाजूस खरे ठिपके निसटतील. एकाच जिल्ह्यातील आजोबांच्या आणि नातवाच्या मेंदूसाठी दुरुस्तीचे माप अशा रीतीने दोन विरुद्ध दिशांना ओढते.

हा पेच गणितातील एखादा आकडा बदलून सुटणारा नाही. तो सुटतो साक्षी वाढविल्याने. १.५ टेस्लाला मस्तकाच्या मानाने लहरी लांब असल्याने छाया तुलनेने सौम्य असते, आणि तेथे दोन वेटोळ्यांच्या ढोबळ चित्रांवरून छायेचा मोठा भाग थेट मोजता येतो. मोजलेली छाया आधी काढली, तर एन ४ सारख्या पद्धतीवर उरणारा भार कमी होतो आणि गाठींमधील अंतर मोठे ठेवता येते. म्हणजेच तिला मेंदूच्या खात्यात हात घालण्याची संधी कमी मिळते. नव्या यंत्राची घडण जाणणारे अभियंते देशातच असल्याने ही मोजमापे मागून घेणे, आवश्यक तर यंत्राच्या कार्यक्रमातच समाविष्ट करणे, परदेशी यंत्राच्या मानाने सोपे आहे. प्रत्येक मस्तकाचे दुरुस्त न केलेले मूळ चित्र या मोजमापांसह जपून ठेवणे हा त्याचाच दुसरा भाग. अल्झायमर प्रकल्पाने मूळ व दुरुस्त अशी दोन्ही चित्रे अभ्यासकांना उपलब्ध ठेवली होती. २०० मिलिमीटरच्या आकड्याची २००८ मधील फेरतपासणी त्याच प्रकल्पातील चित्रांवर झाली.